जुन्या फर्ग्युसनचे लायनर: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

आज ट्रॅक्टरच्या सम्पचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा, प्लग सैल केला तेव्हा आधी पाणी आले, सुमारे दीड पेला, आणि त्यानंतर मळलेल्या साईसारखे ऑइल. रेडिएटरमधले पाणी कमी होत होते आणि बाहेर थेंबही दिसत नव्हता, त्याचे उत्तर एवढ्यावर मिळाले. पाणी इंजिनाच्या आतच कोठेतरी वाट काढत आहे.

ट्रॅक्टर फर्ग्युसन टीई-२० मालिकेतला आहे. ही मालिका १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथे तयार झाली. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत अमेरिकन कॉंटिनेंटल इंजिन होते आणि पुढे स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आले. माझ्याकडे त्यातले ८५ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ९२ मि.मी. स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली जाण्याचे अंतर), म्हणजे २,०८८ सी.सी.चे इंजिन आहे. याच इंजिनाची भावंडे स्टँडर्ड व्हॅनगार्ड आणि ट्रायम्फ टीआर-२ या मोटारींत होती. आमच्या कामाच्या दृष्टीने त्याची महत्त्वाची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्याचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतो ती बदलता येणारी नळकांडी, वेट आहेत. थंड करणारे पाणी थेट लायनरच्या बाहेरच्या अंगाला लागते. लायनर वरून ब्लॉकमध्ये उतरतो, खालच्या बाजूला एका खांद्यावर बसतो आणि त्या खांद्यावर इंग्रजी आठाच्या आकाराचे पातळ गॅस्केट असते. एक गॅस्केट १ आणि २ क्रमांकांच्या सिलिंडरना, तर दुसरे ३ आणि ४ यांना सामाईक असते. पाणी आणि क्रँककेस (इंजिनाचा खालचा, ऑइलचा कप्पा) यांच्यामध्ये तेवढाच अडसर आहे.

९ नोव्हेंबर

ट्रॅक्टर दुभंगून इंजिन बाहेर काढले. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. पुढचा आस इंजिनाच्या पुढच्या तोंडाला आणि गिअरबॉक्स मागच्या तोंडाला बोल्टने धरलेला असतो, म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा आहे. त्यामुळे इंजिन सुटे करण्याआधी पुढचे आणि मागचे दोन्ही भाग स्वतंत्रपणे भक्कम घोड्यांवर घ्यावे लागतात. यात अर्धा दिवस गेला आणि तो जाऊ दिला हे योग्यच झाले.

१० नोव्हेंबर

हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, नट बाहेरून आतल्या दिशेने, प्रत्येक फेरीत थोडे थोडे सैल केले. हेड स्टडना (ब्लॉकमध्ये रोवलेल्या आटेदार दांड्यांना) गंजाने धरले होते. फटीत छिन्नी घालण्याचा मोह टाळला, कारण हेडच्या किंवा ब्लॉकच्या सपाटीवर पडलेला एक ओरखडा पुढे गॅस्केट जाळतो. स्टडच्या मुळाशी तेल सोडून हेडच्या कडांवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देत राहिलो, तेव्हा तासाभराने ते सुटले.

हेड निघाल्यावर क्रँक, म्हणजे पिस्टनना वर-खाली हलवणारा दंड, फिरवला नाही, आणि वेट लायनरच्या इंजिनावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर कोरून घ्यावी असे मला वाटते. हेडचा दाब गेल्यावर लायनरला खाली धरून ठेवणारे काही उरत नाही. क्रँक फिरला की पिस्टनच्या रिंगा लायनरला वर ओढतात, खालचे गॅस्केट आपल्या जागेवरून हलते आणि कचरा खांद्यावर जाऊन बसतो. केवळ व्हॉल्व्हच्या कामासाठी हेड काढलेले असेल, तर एवढ्या एका चुकीने चांगले इंजिन गळके होते. माझे लायनर तर निघणारच आहेत, तरीही ते आत्ता जसे बसले आहेत तसेच मला मोजायचे होते.

लायनरचा माथा ब्लॉकच्या सपाटीपेक्षा किंचित वर असावा लागतो. या इंजिनासाठी ती उंची ०.००३ ते ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.०७६ ते ०.१२७ मि.मी. असते. हेड आवळले की तेवढ्या उंचीमुळे हेड गॅस्केटची कडी लायनरच्या माथ्यावर घट्ट चेपली जाते आणि तोच दाब खालच्या गॅस्केटलाही दाबून धरतो. डायल गेज ब्लॉकवर शून्य करून प्रत्येक लायनरवर चार ठिकाणी मोजले. पहिला ०.०८, दुसरा ०.०७, चौथा ०.०५ आणि तिसरा अवघा ०.०१ मि.मी. तिसऱ्याची एक बाजू तर सपाटीच्या खाली होती. हेड गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरभोवती काळा पट्टा होता, तो याच मापाशी जुळतो.

११ नोव्हेंबर

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट गाठायचे तर क्रँक फिरवणे भाग होते. म्हणून आधी स्टडवर जाड पाईपचे तुकडे आणि रुंद वॉशर चढवून, वर नट लावून, चारही लायनर दाबून धरले. गळती नेमकी कोठून होते हे लायनर जागचे हलण्यापूर्वी पाहायचे होते, नाहीतर हा पुरावाच नाहीसा झाला असता.

बोअर गेजने मापे घेतली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या रिंगेच्या शेवटच्या थांब्यापाशी ८५.३१ मि.मी. आणि खाली, जेथे रिंगा पोहोचत नाहीत तेथे, ८५.०३ मि.मी. मिळाले. बाकीचे वरच्या बाजूला ८५.१८ ते ८५.२४ मि.मी. झिजले आहेत. झीज वरच सर्वाधिक असते, कारण तेथे पिस्टन क्षणभर थांबतो, त्यामुळे ऑइलचा पापुद्रा टिकत नाही, आणि त्याच क्षणी जळणाऱ्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो.

रॉडच्या टोप्यांवर आणि रॉडवर सिलिंडरचे क्रमांक एकाच बाजूला ठोकले. तीन मेन बेअरिंगांच्या टोप्यांवर क्रमांक आणि पुढची दिशा दोन्ही नोंदवली. वरच्या धारेचा कंगोरा रीमरने घासून पिस्टन वरून काढले. क्रँक उभा ठेवला, कारण लांब क्रँक आडवा पडून राहिला तर वाकण्याची भीती असते.

१२ नोव्हेंबर

ब्लॉक स्टँडवर सरळ धरून जॅकेटमध्ये (लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) साधे पाणी भरले आणि खाली कोरडा कागद पसरला. वीस मिनिटांत तिसऱ्या लायनरच्या तळाशी, चौथ्याच्या बाजूला, पहिला थेंब जमला. पहिल्या जोडीखालचा कागद संध्याकाळपर्यंत कोरडाच होता. दोषी गॅस्केट ३-४ चे आहे.

१३ ते १५ नोव्हेंबर

हे तीन दिवस जॅकेट साफ करण्यात गेले, आणि पुढचे सगळे काम याच तीन दिवसांवर उभे राहिले असे आता मागे वळून पाहताना म्हणतो.

या रचनेत लायनर ब्लॉकला दोनच ठिकाणी चिकटतो, वरच्या गळ्यात आणि खालच्या खांद्यापाशी. मधल्या भागात त्याच्याभोवती पाणी असायला हवे. पण वर्षानुवर्षे साधे पाणी वापरलेल्या इंजिनात तेथे चुन्याचा आणि गंजाचा थर बसतो आणि तो लायनर व ब्लॉक यांना एकजीव करून टाकतो. ब्लॉकच्या तळाशी असलेली पाणी सोडण्याची तोटी उघडली तेव्हा त्यातून काहीच आले नाही. तार घालून कोचल्यावर तांबडा चिखल पडू लागला.

लायनर जागेवर आणि कोअर प्लग (जॅकेटच्या भिंतीतल्या भोकांची बुचे) बसलेले असतानाच जॅकेटमध्ये सायट्रिक आम्लाचे द्रावण भरले. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे साधारण ५ टक्के. द्रावण फसफसले तेव्हा चुना विरघळतो आहे हे कळले. चार तासांनी सोडले तेव्हा ते हिरवट तपकिरी होते. पुन्हा ताजे भरले, असे तीन वेळा केले. रात्रभर मात्र ठेवले नाही, कारण गंज संपल्यावर हे आम्ल लोखंडालाही खाते. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन, धुण्याच्या सोड्याचे द्रावण फिरवून, पुन्हा धुतले आणि दाबाच्या हवेने वाळवले. धुतलेले उघडे लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागते, म्हणून लगेच आत पातळ ऑइलचा फवारा दिला.

त्यानंतर कोअर प्लग काढले. त्या खिडक्यांतून आता लायनरची पाठ स्पष्ट दिसते. वरच्या गळ्याभोवती वरून आणि खालच्या खांद्याजवळ खिडक्यांतून, गंज सोडवणारे पातळ तेल सोडले. रोज सकाळ-संध्याकाळ ते देत राहणार आहे.

१८ नोव्हेंबर

आज पुलर, म्हणजे लायनर वर ओढून काढायचे साधन, पूर्ण झाला. त्याची रचना सविस्तर लिहितो, कारण लायनर ओढताना ब्लॉक बिघडतो तो बहुधा येथल्याच चुकांमुळे.

खालची तबकडी लेथवर दोन पायऱ्यांची करून घेतली. वरची पायरी ८४.५ मि.मी. व्यासाची आहे, ती लायनरच्या आत शिरून तबकडीला मध्यावर धरते. खालची पायरी लायनरच्या तळाच्या बाह्य व्यासापेक्षा पूर्ण १ मि.मी. लहान आहे. ती लायनरच्या कडेवर टेकली पाहिजे आणि ब्लॉकच्या खांद्याला कोठेही शिवता कामा नये. ती जरा मोठी झाली तर सगळा जोर ब्लॉकवरच येतो, लायनर हलत नाही, आणि माणसाला वाटते की लायनर फार अडकला आहे. मग तो आणखी जोर लावतो आणि खांद्याचा तुकडा उडतो. तबकडी करण्याआधी मी खालून मापे दोनदा घेतली आणि केल्यावर निळी शाई लावून ती नेमकी कोठे टेकते हेही पाहिले.

वरचा पूल ३२ मि.मी. जाड आणि ७५ मि.मी. रुंद पोलादी पट्टीचा आहे. तो स्टडवर चढवलेल्या जाड पाईपच्या दोन तुकड्यांवर टेकतो. हे तुकडे स्टडपेक्षा १५ मि.मी. उंच ठेवले, म्हणजे भार स्टडवर न येता सरळ ब्लॉकच्या सपाटीवर येतो, आणि शेजारच्या लायनरवर तर अजिबात येत नाही. त्यामुळे जुने स्टड काढावे लागले नाहीत. गंजलेला स्टड ब्लॉकमध्ये तुटला तर ते एक वेगळेच काम होऊन बसते.

मधली दांडी एम-२० (२० मि.मी. व्यासाच्या आट्यांची), ८.८ या उच्च ताकदीच्या दर्जाची आहे. बाजारात सर्रास मिळणारी मऊ आटेदांडी येथे घेऊ नये. नटावर २०० न्यूटन-मीटर लावले तर दांडीवर कित्येक टनांचा ताण येतो, आणि एवढ्या ताणाखाली तुटलेली दांडी गोळीसारखी सुटते. नटाखाली थ्रस्ट बेअरिंग आणि आट्यांना भरपूर ग्रीस लावले. काम करताना दांडीच्या सरळ रेषेत उभे राहायचे नाही, असे धाकट्या भावाला बजावले आणि स्वतःही पाळले.

१९ नोव्हेंबर

पहिला लायनर निघाला. नट आवळत गेल्यावर १२० न्यूटन-मीटरच्या आसपास हाताला एकदम सैलपणा जाणवला आणि कोरडा टक् असा आवाज झाला. दांडीच्या आट्यांचा पिच २.५ मि.मी. आहे, त्यामुळे नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला लायनर तेवढाच वर येतो. पहिले आठ-दहा फेरे जड गेले, त्यानंतर लायनर हाताने वर आला. दुसराही असाच, थोड्या अधिक जोराने.

दोन्ही लायनरच्या पाठीवर गंजाचे खड्डे आहेत, पण विखुरलेले आणि उथळ. डिझेल इंजिनात लायनरच्या पाठीवर, विशेषतः पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूला, सुईने टोचल्यासारख्या छिद्रांची रांग पडते. लायनर थरथरल्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि भिंतीवर फुटून धातू उपटतात. या पेट्रोल इंजिनात तसला नमुना नाही. येथे सरळ पाण्याने खाल्लेले लोखंड आहे, आणि गंजरोधक कूलंट घातले असते तर त्यातले बरेचसे टळले असते.

२० नोव्हेंबर

चौथा निघाला. तिसरा निघाला नाही. २०० न्यूटन-मीटरला पोहोचलो, तो तसूभरही हलला नाही. येथे थांबलो.

पाना लांब करून आणखी जोर देता आला असता, दांडीत ती ताकद होती. पण लायनर बदलायचाच आहे आणि ब्लॉक मात्र हा एकच आहे, तेव्हा आपण जोर कशावर लावत आहोत हे कळल्याशिवाय तो वाढवायचा नाही, असे ठरवले. ताण तसाच ठेवून, दांडीच्या वरच्या टोकावर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके दिले आणि रात्रभर सोडून दिले. सकाळी नट किंचित सैल लागला असता तर समजलो असतो की लायनर सरकला.

२१ नोव्हेंबर

नट तसाच घट्ट होता. ताण सोडला आणि दिवा घेऊन नीट पाहिले. शेजारचे लायनर निघाल्यामुळे आता तिसऱ्याची पाठ दोन्ही बाजूंनी उघडी होती. खालच्या खांद्याच्या वर, आम्लाला दाद न दिलेले, काळपट आणि दगडासारखे एक कडे होते. ते चुन्याचे नव्हते. सांध्यांना लावतात तसल्या कसल्याशा लेपाचे होते. म्हणजे पूर्वी कोणीतरी येथे गळती थांबवण्यासाठी गॅस्केटबरोबर जाड लेप भरला होता आणि तो गंजात मिसळून कडक झाला होता.

मागून वाकवलेल्या पातळ पट्टीची खरवडणी केली आणि ते कडे तुकड्या-तुकड्यांनी उकरले. दुपारचे चार तास त्यात गेले. पट्टी मुद्दाम मऊ पोलादाची घेतली, म्हणजे घसरली तरी खांद्यावर खोल ओरखडा पडणार नाही.

मग उष्णतेचा विचार केला. लायनर आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, त्यामुळे दोघांना एकत्र तापवून काही साधत नाही, तापमानात फरक पाडावा लागतो. बीड एका अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रोमीटर प्रसरण पावते. व्यास ढोबळमानाने १०० मि.मी. धरला आणि ५० अंशांचा फरक पाडता आला, तर ०.०५५ मि.मी. मोकळीक मिळते. वरच्या गळ्यातला गंज तोडायला तेवढी पुष्कळ होते. गॅसची ज्योत वापरायची नव्हती, कारण एकाच जागी तापलेले बीड तडकते.

बर्फाचे तुकडे पिशव्यांत भरून दांडीभोवती लायनरच्या आत ठासले आणि अर्धा तास ठेवले. त्यानंतर नट १५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून, भावाने गरम हवेच्या गनने गळ्याभोवतीचा ब्लॉक सतत फिरत्या हाताने तापवला. सातव्या की आठव्या मिनिटाला तो टक् आवाज आला. मी पाना हातातही धरला नव्हता.

२२ नोव्हेंबर

तिसऱ्या लायनरच्या खालच्या कडेला गंजाने पाऊण मि.मी. खोल खाचा पाडल्या आहेत. ३-४ चे गॅस्केट एका जागी दुमडलेले आणि तेथेच खाऊन गेलेले निघाले. दुमडीखाली लेपाचा गोळा होता. मागच्या दुरुस्तीत लायनर बसवताना खांदा साफ केला गेला नसावा, त्यामुळे लायनर तिरका बसला, दाब एका बाजूला कमी पडला आणि पाण्याला वाट मिळाली. १० नोव्हेंबरला मोजलेली ती ०.०१ मि.मी.ची उंची याचेच चिन्ह होती.

ड्राय लायनरच्या इंजिनात हे सगळे वेगळे असते, हे जाता जाता नोंदवतो. तेथे लायनर पूर्ण लांबीभर ब्लॉकमध्ये ठासलेला असतो आणि बहुधा प्रेसनेच काढावा लागतो. अगदीच न निघाल्यास आतल्या भिंतीवर वेल्डिंगच्या दोन-तीन उभ्या रेघा ओढतात. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लायनरला आत ओढून सैल करतो. येथे त्याची गरज पडली नाही.

२५ नोव्हेंबर

खांदे साफ करण्यास दोन दिवस लागले. जुने गॅस्केट आणि लेप पितळी खरवडणीने काढला, फिरत्या तारेच्या ब्रशला हात लावला नाही. नंतर जुन्या पहिल्या लायनरची खालची कड नीट करून, तिला व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावली आणि तो लायनर प्रत्येक खांद्यावर हाताने मागे-पुढे फिरवला. चारही खांद्यांवर राखाडी रंगाचा सलग पट्टा उमटेपर्यंत हे चालले. तिसऱ्यावर एक लहान खड्डा उरला आहे, पण तो बाहेरच्या कडेला असून पट्ट्याची आतली दोन तृतीयांश रुंदी अखंड आहे. मी तो स्वीकारला. पेस्टचा कण न कण रॉकेलने आणि नंतर साबणाच्या पाण्याने धुतला, कारण तीच पेस्ट बेअरिंगमध्ये पोहोचली तर सगळे कष्ट वाया जातील.

सपाटीपासून खांद्याची खोली डेप्थ मायक्रोमीटरने प्रत्येकी चार ठिकाणी मोजली. एकाच खांद्यावरचा सर्वांत मोठा फरक ०.०२ मि.मी. आला.

२८ नोव्हेंबर

नवे लायनर नव्या गॅस्केटसह, कोणताही लेप न लावता, जाग्यावर ठेवले. स्टडवर पुन्हा तेच पाईप आणि वॉशर चढवून आवळले आणि उंची मोजली. ०.१०, ०.०९, ०.११, ०.१०. चारही मर्यादेत आणि एकमेकांशी जुळणारे.

मग जॅकेट पाण्याने भरले. क्रँक बसवण्याआधी ही परीक्षा घेण्याचा फायदा असा की गळती दिसली तर फक्त लायनरच पुन्हा काढावे लागतात. रात्री कागद पसरून ठेवला.

२९ नोव्हेंबर

तिसऱ्याखाली नाण्याएवढा ओला डाग.

पाणी सोडून ३-४ चे लायनर काढले. या वेळी ते हाताने निघाले. गॅस्केटवर एक बारीक खूण उमटली होती आणि तिच्यासमोर खांद्यावर गंजाचा एक पापुद्रा चिकटलेला होता, बहुधा जॅकेटच्या भिंतीवरून लायनर उतरवताना सुटून आलेला. भिंती हाताने चाचपून जे काही सैल होते ते सगळे काढले, जॅकेट पुन्हा दाबाच्या हवेने साफ केले आणि खांदे पांढऱ्या कापडाने पुसले, कापड पांढरे राहीपर्यंत. चेपलेले गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत, त्यामुळे नवे घातले. उंची ०.१० आणि ०.१० आली.

१ डिसेंबर

जॅकेट पूर्ण भरून ३६ तास झाले. चारही लायनरखालचा कागद कोरडा आहे, आणि वरून बोटाने लावलेल्या खुणेपासून पाण्याची पातळी खाली गेलेली नाही. पाणी सोडले, जॅकेट वाळवले, लायनरवरचे पाईप आणि वॉशर मात्र तसेच आवळून ठेवले आहेत. क्रँक आणि पिस्टन बसून हेडचे नट आवळण्याची वेळ येईपर्यंत ते निघणार नाहीत.